धानाच्या बांधीपासून ताटापर्यंत : लाखोळी आणि समतोल आहाराची सवय

धान निसवून दाणा भरत आला, की रायपूरच्या परिसरातील शेतकरी कापणीच्या पंधरवडाभर आधी उभ्या पिकातच तिवड्याचे बी फोकून देतो. बांधीतील उरलेल्या ओलीवर ते रुजते. धान निघून गेल्यावर नांगरट, खत वा पाण्याची पाळी यांपैकी काहीही न देता निळसर फुलांचे हे पीक दवावर वाढत राहते. हीच उतेरा पद्धत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानपट्ट्यातही ती रूढ असून तेथे या पिकाला लाख किंवा लाखोळी म्हणतात. सुमारे २८ टक्के प्रथिने असलेली ही डाळ गरिबाच्या भाताला पिढ्यान्‌पिढ्या साथ देत आली आहे. मात्र याच डाळीने काही गावांत माणसांचे पाय कायमचे लुळे केल्याचाही इतिहास आहे. दैनंदिन आहारात प्रमाणाला किती महत्त्व असते, हे समजण्यासाठी याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

इतिहासाने दिलेला धडा

लाखोळीत ओडॅप नावाचे द्रव्य असते. ते मज्जासंस्थेवर परिणाम करते आणि त्यातून ‘लॅथिरिझम’ म्हणजे दोन्ही पाय ताठरण्याचा विकार जडतो. सागर परिसरात ओळीने आलेल्या नापिकीच्या वर्षांत गहू बुडाला, पण लाखोळी तरली. तिच्यावरच गुजराण करणाऱ्या तरुणांचे पाय कसे गेले, याचे वर्णन इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. पुढे रीवा-सतना भागात वेठबिगार मजुरांना मजुरीपोटी हीच डाळ मिळे. त्यामुळे तेथेही हा विकार पसरला. दुसऱ्या महायुद्धात वाप्नियार्का येथील छावणीत कैद्यांना रोज सुमारे ४०० ग्रॅम लाखोळी दिली जाई. काही आठवड्यांतच अनेकांना चालणे अशक्य झाले.

या तिन्ही ठिकाणी ज्यांच्या ताटात लाखोळीवाचून फारसे काही नव्हते, तेच प्रामुख्याने आजारी पडले. एकूण आहाराचा तिसरा हिस्सा वा त्याहून अधिक भाग दोन-तीन महिने सलग लाखोळीचाच असेल, तर धोका संभवतो. भात, भाजी व अन्य डाळींसोबत अल्प प्रमाणात ती खाणाऱ्या कुटुंबांत हा विकार क्वचितच आढळतो. म्हणजे येथे विषाइतकीच विपन्नताही कारणीभूत होती.

बंदी आणि संशोधन

केंद्र शासनाने १९६१ मध्ये लाखोळीच्या विक्रीस मनाई केली. छत्तीसगड व विदर्भात पेरा मात्र थांबला नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध प्रदीर्घ लढा दिला आणि २००८ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपली बंदी उठविली. दरम्यान संशोधकांनी मूळ दोषावरच उपाय शोधला. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा ‘रतन’ आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचे ‘प्रतीक’ व ‘महातिवडा’ या वाणांत ओडॅपचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत आहे. जुन्या स्थानिक वाणांत ते कित्येक पटींनी अधिक असते.

तथापि वाण सुधारला म्हणून निष्काळजी राहणे योग्य नव्हे. मधमाश्यांमुळे शेजारच्या जुन्या वाणाशी संकर होतो. शिवाय पाण्याचा ताण पडल्यास दाण्यातील ओडॅप वाढते. म्हणून बियाणे खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे व ठरावीक वर्षांनी बदलावे.

स्वयंपाकघरातील दक्षता

- ओडॅप पाण्यात विरघळते. डाळ भरपूर गरम पाण्यात काही तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे.
- डाळ नव्या पाण्यात शिजवावी. पहिल्या उकळीचे पाणीही निथळून टाकल्यास द्रव्याचा मोठा भाग निघून जातो. काही जीवनसत्त्वेही त्यासोबत जातात, म्हणून ताटात भाजी हवीच.
- लाखोळी रोज न शिजवता तूर, मूग, हरभरा यांच्याशी आलटूनपालटून घ्यावी. तिच्या पिठाची भाकरी हे मुख्य अन्न होऊ देऊ नये.
- पोटऱ्या ताठरणे, पाय जड वाटणे, चालताना अडखळणे ही लक्षणे दिसताच लाखोळी पूर्ण बंद करून डॉक्टरांना दाखवावे. गेलेली शक्ती परत आणणारे औषध नाही.

एकाच बांधीतून भरलेले ताट

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० किलोकॅलरींच्या दैनंदिन आहारासाठी सुमारे २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी व ४०० ग्रॅम भाज्या (त्यांत १०० ग्रॅम पालेभाज्या) असे प्रमाण सुचविले आहे. धानपट्ट्यातील ताटात भाताचा ढीग मोठा आणि डाळ-भाजीचा वाटा अपुरा असतो. ही उणीव भरून काढण्याचे साधन बहुतेकदा शेतातच उपलब्ध असते. बांधावर तूर, उतेऱ्यात लाखोळीसोबत जवस व हरभरा, आणि परसबागेत शेवगा, मायाळू, चवळाई व अंबाडी घेता येते. छत्तीसगडच्या खेड्यांत लाल भाजी, चेच भाजी व मुनगा (शेवगा) नित्याच्या जेवणात असतात. विदर्भात पावसाळ्यात तरोट्याची भाजी होते. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास त्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणाला लागूनच चहा घेतल्यास उलट घडते.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावभेटीत उत्पादनाच्या जोडीला आणखी दोन प्रश्न जरूर विचारावेत. घरात आठवड्यातून किती दिवस लाखोळी शिजते? तिच्यासोबत ताटात काय असते? कापणीनंतरच्या टंचाईच्या महिन्यांत, विशेषतः भूमिहीन मजुरांच्या घरी, हे प्रश्न अधिक मोलाचे ठरतात. कारण तेथे एखादे अन्न स्वस्त म्हणून एकटेच ताटात उरते. आरोग्य राखायचे, तर ते एकटे पडू न देण्याची सवय घराघरांत रुजवावी लागेल.