सवलत की सोय?

मागच्या व्याख्यानात आपण समतेच्या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज ती कल्पना परीक्षेच्या वर्गात नेऊन बघू.

दृष्टिहीन विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो. जादा वेळही मिळतो. केंद्र सरकारच्या २०१३च्या सूचनांत तो ताशी किमान २० मिनिटं ठरवला होता, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. परीक्षा विभागात याला 'सवलत' म्हणतात. आमचा आक्षेप या शब्दालाच आहे. सवलत एसटीच्या तिकिटात असते, तिथे दर कमी होतो. इथे प्रश्न तेच, गुण देण्याची पद्धत तीच. मग सूट नेमकी कशात मिळाली?

आधी विचारावं, की ही परीक्षा मोजते काय? टंकलेखनाच्या परीक्षेत वेग हाच विषय आहे. तिथे वेळ वाढवला तर परीक्षाच बदलते. कांटच्या नीतिशास्त्राच्या पेपरात हाताचा वेग हा विषय नाही. तो तागडीत अडकलेला खडा आहे. अमर्त्य सेन यांनी १९७९च्या व्याख्यानात 'समता कशाची?' असं विचारलं होतं. सारखी साधनं दिली तरी त्यांतून प्रत्येकाला सारखं काही करता येत नाही, असा त्यांचा मुद्दा. तीन तास हेही साधनच. प्रश्न वाचून घ्यायचा, वाक्य सांगायचं, लेखनिक अडला की शब्द फोडून सांगायचा, लिहिलेलं परत ऐकायचं. यात तासातली किती मिनिटं विचाराला उरतात?

हे आम्हाला फार उशिरा कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परीक्षेत आम्ही वरिष्ठ पर्यवेक्षक होतो. एका मुलीच्या जादा वेळेचं पत्र केंद्रावर पोचलंच नव्हतं. तिचा लेखनिक अकरावीचा, 'प्रागनुभविक' शब्दाला तो तीनदा अडखळलेला आम्ही पाहिला होता. घंटा झाली आणि आम्ही तिची उत्तरपत्रिका मागून घेतली. "नियम सगळ्यांना सारखा," असंही म्हणालो. ती म्हणाली, "सर, शेवटचा प्रश्न येतो मला." एक फोन करता आला असता. केला नाही.

कायदा पुढे सरकला आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'वाजवी सोय' नाकारणं हा भेदभावच मानला आहे. तरी पुढे ४० टक्क्यांचा अडसर आला. विकास कुमार या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या निकषात बसत नाही म्हणून लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सांगितलं, की लेखनिकासाठी ही टक्केवारी पूर्वअट करता येणार नाही. ४० टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या सूचना २०२२ साली निघाल्या.

"पण याचा गैरफायदा घेतात," असं कुणीतरी म्हणणारच. घेतात काही जण. कॉपीही करतात, म्हणून आपण परीक्षा बंद केल्या नाहीत.

आता कामाचं. अर्ज परीक्षेचा फॉर्म भरतानाच द्या, पोच घ्या, पेपरच्या दिवशी मंजुरीची प्रत खिशात ठेवा. लेखनिकाला आदल्या दिवशी भेटा आणि विषयातले वीस-पंचवीस अवघड शब्द त्याच्याकडून एकदा लिहून घ्या. 'प्रागनुभविक' त्यात असू द्या.