उलटा फोर्क, सुलटा फोर्क

मोटरसायकलच्या साध्या टेलिस्कोपिक फोर्कमध्ये वरची नळी बारीक, क्रोम चढवलेली असते. हँडलखालच्या क्लॅम्पमध्ये ती घट्ट बसते आणि खालची जाड नळी चाकाबरोबर वरखाली सरकते. उलट्या फोर्कमध्ये (यूएसडी) जाड नळी वर जाते आणि बारीक नळी चाकाच्या आसाला धरते. करकचून ब्रेक दाबला की फोर्कला वाकवणारा जोर खालच्या क्लॅम्पपाशी सर्वाधिक असतो. नेमकी तिथेच जाड नळी आल्याने उलटा फोर्क कमी लवचतो आणि वळणावर चाक नेमके राहते. स्प्रिंगखालचे वजन घटते, हा दावा मात्र सरसकट खरा नाही. ते घडणीवर ठरते.

खरी डोकेदुखी ऑइल सीलची. साध्या फोर्कचे सील खालच्या नळीच्या तोंडाशी, तेलाच्या पातळीच्या वर असते. उलट्यात ते तळाशी येते, शिवाय उघडी नळी चाकाजवळच्या चिखल-धुळीत. सील कापले की तेल गळतच राहते आणि ब्रेक पॅडवर उतरले तर ब्रेक लागत नाही. दुरुस्तीही महाग. जाड नळ्यांमुळे काही गाड्यांचे हँडल कमी वळते.

पुण्याजवळच्या चाकणला बनलेल्या केटीएम ३९० ड्यूकला ४३ मिमीचा उलटा फोर्क मिळाला. हिरो स्प्लेंडर आजही साध्यावरच धावते. रोजच्या वापराला तो पुरतो.