यजमान बोटीवर, घर येरवड्यात

येरवड्याहून समुद्र कितीतरी लांब. घाट उतरल्याशिवाय त्याचं दर्शन नाही. तरीही आमच्या शेजारच्या वहिनींचं सगळं वेळापत्रक समुद्रावर चालतं. त्यांचे यजमान मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये आहेत. लोहगावकडे विमान उतरू लागलं, की वहिनींची नजर आपसूक वर जाते. ‘मजा आहे बाई तुमची, डॉलरमध्ये पगार!’ असं आपण सहज म्हणून जातो. पण मैत्रिणींनो, त्या पगारामागचं जिणं आपल्याला कुठं ठाऊक असतं?

इंजिनरूममध्ये सदा उकाडा नि कानठळ्या बसवणारा आवाज. चार तास पाळी, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास पाळी, अशी जुनी रीत. बंदर आलं की तीही मोडते. कंटेनरच्या बोटी हल्ली एक-दोन दिवसांत बंदर सोडतात. गाव बघणं राहूनच जातं. मुलांचे वाढदिवस फोनवर, तेही रेंज असली तर!

२०२० साली करोनामुळं देशोदेशींच्या हद्दी बंद झाल्या. करार संपूनही लाखो खलाशी बोटींवरच अडकले. वहिनींचे यजमानही त्यांतच. “आधी पोटभर रडून घेतलं,” वहिनी सांगतात, “मग कपाटातलं करारपत्र काढलं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण वाचलं त्या दिवशी पहिल्यांदा!”

खलाशांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारतानं २०१५ मध्ये मान्य केला. घरातलं कुणी बोटीवर असेल, तर त्यातलं एवढं ध्यानात ठेवाच:

● सही केलेल्या करारपत्राची एक प्रत घरी हवी.

● चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे.

● पगार दरमहा मिळाला पाहिजे. त्यातला ठरावीक हिस्सा परस्पर घरच्या खात्यात जमा करून घेता येतो.

● बोटीवरचं जेवण फुकट; करार संपल्यावर घरी परतण्याचा खर्चही मालकाचा.

● मालकानं बोट वाऱ्यावर सोडलीच, तर चार महिन्यांपर्यंतच्या थकलेल्या पगाराची हमी विम्यासारख्या तरतुदीतून मिळते.

आणि सर्वांत महत्त्वाचं. वहिनींच्या धाकट्या दिराला बोटीवर लावतो म्हणून एका एजंटानं चार लाख मागितले. वहिनी पाटल्या मोडायला निघाल्या होत्या! पण नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं बेकायदा आहे. पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय तपासणी, एवढाच काय तो आपला खर्च. भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. वहिनींनी ती पाहिली. एजंटाचं नाव तिथं नव्हतंच.

पाटल्या हातातच राहिल्या. दीर आता रीतसर अर्ज करतोय. तेव्हा बायांनो, पैसे मोजण्याआधी यादी पाहा, आणि करारपत्र कपाटात ठेवण्याआधी एकदा वाचा. बोट यजमानांची असली, तरी कागद सांभाळायचे आपणच!