झाकण उघडेल का?

मी ओक्लाहोमातल्या नॉर्मनला राहते. अमेरिकेसाठी गडगडाटी वादळांचा आणि टॉर्नेडोंचा अंदाज वर्तवणारं सरकारी केंद्र याच गावात आहे. वसंत ऋतूत औशाहून आईचा फोन आला की ती हमखास विचारते, "अगं, एवढी यंत्रं आहेत तुमच्याकडे, मग वादळ येणार की नाही, एवढं सरळ सांगत का नाहीत?" २०१४ ची मराठवाड्यातली गारपीट तिनं पाहिली आहे. तिला खरंच उत्तर हवं असतं.

कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेची आघाडी, कधी येणार हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतं. कॅनडाकडून थंड, जड हवा खाली सरकते आणि मेक्सिकोच्या आखातावरून आलेल्या दमट हवेखाली घुसून तिला वर उचलते. फ्रंट गावावरून गेला की दक्षिणेचा वारा वायव्येचा होतो, पारा झपाट्यानं उतरतो. इथवर फारसं काही चुकत नाही.

अडतं ते पुढे. पश्चिमेच्या उंच पठारांवरून आलेला उष्ण, कोरड्या हवेचा थर जमिनीपासून एक-दोन किलोमीटरवर झाकणासारखा बसतो. तो फार भक्कम असेल तर घामाच्या धारा लागतात, पण आकाश निळंच राहतं. अगदीच कच्चा असेल तर सकाळीच इकडेतिकडे पाऊस पडून हवेतला जोर ओसरतो. खरी भीती मधल्या झाकणाची. दुपारपर्यंत ते टिकतं, खाली ऊब आणि ओल साठत राहते, आणि फ्रंटनं धक्का दिला की तासाभरात ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. झाकण किती जाड आहे हे कळावं म्हणून दिवसातून दोनदा उपकरणं बांधलेले फुगे सोडतात. दोन फुग्यांच्या मधल्या तासांत मात्र अंदाज बांधणाऱ्याचा अनुभवच कामी येतो.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो वाऱ्याचा कोन. वरचे वारे फ्रंटला समांतर वाहत असतील तर शेजारशेजारची वादळं एकमेकांत मिसळून लांबच लांब रांग होते. तिच्यात मुख्य भीती सोसाट्याच्या वाऱ्याची. वारे फ्रंटला छेदून जात असतील तर वादळं सुटी राहतात, स्वतःभोवती फिरू लागतात. मोठ्या गारा आणि जबर टॉर्नेडो बहुधा त्यांच्यातूनच येतात.

म्हणून रांग सौम्य असते असं नाही. २६ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री अशीच एक रांग पश्चिमेकडून धावत आली. टेक्सासमधल्या मेम्फिस गावी वाऱ्याचा झोत ताशी ११४ मैलांवर, म्हणजे १८० किलोमीटरच्या पुढे गेला, आणि आमच्या नॉर्मनमध्ये टॉर्नेडो उतरला. रांगेतले टॉर्नेडो पावसाआड दडतात, मिनिटांत जन्मतात आणि विरतात. रात्री तर ते डोळ्यांना दिसतच नाहीत.

एके काळी टॉर्नेडोचं भाकीत करणं अशक्य मानत. २० मार्च १९४८ ला ओक्लाहोमा सिटीजवळच्या टिंकर हवाई तळाला टॉर्नेडोनं झोडपलं. पाचच दिवसांनी फॉबुश आणि मिलर या तिथल्या दोन अधिकाऱ्यांना हवामानाच्या नकाशावर तशीच मांडणी दिसली. त्यांनी धीर करून इशारा दिला आणि त्याच संध्याकाळी तळावर पुन्हा टॉर्नेडो आला.

आजचा अंदाज टक्क्यांत असतो. "टॉर्नेडो १० टक्के" म्हणजे तुमच्या ठिकाणापासून २५ मैलांच्या आत टॉर्नेडो होण्याची शक्यता. आई म्हणते, "दहाच ना?" पण एरवी हा आकडा एक टक्काही नसतो! अशा दहा दिवसांतले नऊ कोरडे गेले, तर अंदाज बरोबरच ठरला. लोक मात्र नवव्या दिवशी "हे नेहमीच चुकतात" म्हणून मोकळे होतात, याचा मला मनापासून राग येतो. दहाव्या दिवशी तीच माणसं अंगणात उभी राहून फोनवर ढग टिपत असतात.

म्हणून आईला मी आता एवढंच सांगते: 'वॉच' लागला, म्हणजे पुढच्या काही तासांत धोका संभवतो. तेव्हा मी फोन चार्ज करते, बूट हाताशी ठेवते, शेजारच्या एकट्या आजींना कळवते. 'वॉर्निंग' आली, म्हणजे वादळ रडारवर किंवा कुणाच्या तरी डोळ्यांना दिसलं आहे. मग खिडकीशी जायचं नाही. तळमजल्यावरच्या, बिनखिडकीच्या न्हाणीघरात शिरायचं आणि डोक्यावर गादी घ्यायची.