डर्बी स्टेशनातला रूळ

इंग्लंडमधल्या डर्बी स्टेशनात एका ठिकाणी गाड्यांची इतकी वर्दळ असे की, तिथले लोखंडी रूळ दर सहा महिन्यांनी, कधीकधी तिसऱ्याच महिन्यात बदलावे लागत. १८५७ मध्ये तिथे पोलादाचा रूळ बसवला. तो काढला १८७३ मध्ये!

पोलाद तेव्हा नवे नव्हते, महाग होते. शेफिल्डचे कारागीर लहान मुशींतून वीस-पंचवीस किलो पोलाद एका वेळी गाळत. भाव टनाला ४० पौंडांच्या वर. त्यातून वस्तरे नि घड्याळाच्या स्प्रिंगा व्हायच्या. रुळांच्या वाट्याला मऊ घडीव लोखंडच. बीड स्वस्त, पण ठिसूळ. फरक मुख्यतः कार्बनचा: बिडात शेकडा तीन-चार, घडीव लोखंडात नाममात्र, पोलादात या दोहोंच्या मधला.

ऑगस्ट १८५६ मध्ये चेल्टनहॅमच्या विज्ञान परिषदेत हेन्री बेसेमर यांनी सांगितले की, वितळलेल्या बिडातून जोराने हवा सोडा, बस्स! फुंकर घातली की पदार्थ निवतो, हा आपला बशीतल्या चहाचा अनुभव. इथे उलटे घडते. हवेतला ऑक्सिजन बिडातले सिलिकॉन आणि कार्बन जाळतो आणि त्या उष्णतेनेच रस अधिक तापतो. वेगळे इंधन न जाळता अर्ध्या तासात कित्येक टन माल तयार.

कारखानदारांनी धडाधड परवाने घेतले आणि तोंडघशी पडले. त्यांचे पोलाद ठिसूळ निघे. बेसेमर यांच्या प्रयोगातल्या बिडात योगायोगाने फॉस्फरस कमी होता. ब्रिटनच्या बहुतेक खनिजांत तो भरपूर. शेवटी निवडक बीड घेऊन बेसेमर यांनी १८५८ मध्ये शेफिल्डला स्वतःचा कारखाना काढला. पुढे भाव टनाला सहा-सात पौंडांवर आला. मग रूळच काय, जहाजे, पूल, बॉयलरसुद्धा पोलादाचे होऊ लागले.

दुसरे दुखणे असे की, हवेने कार्बन पार जळून जाई आणि ऑक्सिजन धातूत अडकून राही. त्यावरचा उतारा रॉबर्ट मशेट यांचा: शेवटी मँगनीजयुक्त बीड थोडे मिसळायचे. डर्बीचा तो रूळ त्यांच्याच पोलादाचा. पण १८५९ मध्ये शुल्क भरायचे राहिले आणि पेटंट हातचे गेले. बेसेमर यांना रॉयल्टीचे दहा लाख पौंडांहून अधिक मिळाले. मशेट यांच्या घरी ओढाताण. १८६६ मध्ये त्यांची सोळा वर्षांची मुलगी मेरी एकटी लंडनला जाऊन बेसेमर यांना भेटली आणि तुमचे यश माझ्या वडिलांच्या शोधावर उभे आहे, असे तिने तोंडावर सांगितले. बेसेमर यांनी वर्षाला ३०० पौंड सुरू केले. याला औदार्य म्हणवत नाही. मशेट आपले ऋणी राहावेत हाही हेतू होता, हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

फॉस्फरसचा तिढा सोडवला तो लंडनच्या पोलीस कोर्टातल्या एका कारकुनाने. सिडनी टॉमस दिवसा कचेरीत बसत, संध्याकाळी रसायनशास्त्र शिकत. मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांच्या मदतीने १८७८ पर्यंत त्यांनी सिद्ध केले की, भट्टीला आतून चुनखडीच्या जातीचे अस्तर देऊन रसात चुना टाकला, तर फॉस्फरस मळीत उतरतो. लॉरेनच्या फॉस्फरसयुक्त खनिजाला एकदम मोल आले आणि १८९० च्या दशकात जर्मनीने पोलादात ब्रिटनला मागे टाकले. टॉमस मात्र १८८५ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षीच गेले. त्यांच्या भट्टीतली मळी दळून युरोपातले शेतकरी खत म्हणून रानात टाकू लागले. कारखानदारांना नडलेला फॉस्फरस म्हणजे आपल्याकडच्या खताच्या पोत्यावरचे स्फुरद.