अबिलीन : गुरांच्या वाटेवरचे गाव

१८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, तेव्हा टेक्सासच्या माळरानांवर लांब शिंगांची लाखो गुरे मोकाट वाढली होती. तेथे एका जनावराचे जेमतेम चार डॉलर येत. उत्तरेच्या शहरांत त्याचेच तीस-चाळीस. अडचण वाटेची होती. टेक्सासचे कळप जेथून जात, तेथील स्थानिक गुरे तापाने मरत. हा ताप गोचिडी पसरवतात, हे १८९३ मध्ये सिद्ध झाले. पण मिसुरी आणि पूर्व कॅन्ससच्या शेतकऱ्यांनी त्याआधीच बंदुका घेऊन कळप अडवायला सुरुवात केली होती.

इलिनॉयचा गुरांचा व्यापारी जोसेफ मॅकॉय याने त्यावर तोड काढली. वस्ती विरळ, गवत-पाणी मुबलक आणि रेल्वे नुकतीच पोचलेली, असे कॅन्ससमधील अबिलीन हे खेडे त्याने हेरले. रुळांलगत कुंपणाचे वाडे, वजनकाटा आणि हॉटेल उभारले. ५ सप्टेंबर १८६७ रोजी गुरांनी भरलेले २० डबे शिकागोकडे निघाले. त्या वर्षी सुमारे ३५,००० गुरे आली. पुढे हा आकडा लाखांवर गेला.

टेक्सासहून गुरे येत ती चिझम वाटेने. दोन-अडीच हजारांच्या कळपामागे दहा-बारा घोडेस्वार गुराखी असत. अनुभवी दोघे पुढे, काही बाजूंना. शेपटाला नवखे, तोंडाला फडके बांधून धूळ खात. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चाल, म्हणजे दोन-तीन महिन्यांचा प्रवास. घाईने हाकले तर गुरे वाळत आणि भाव पडे. रात्री वीज कडाडली तरी कळप उधळे, म्हणून पहारेकरी संथ गाणी म्हणत फेऱ्या मारत.

अबिलीनमध्ये व्यवहार झाला की गुराख्यांची मजुरी चुकती होई आणि ती दारूगुत्ते व जुगारअड्ड्यांत जाई. दुकानदार खूश होते, पण आसपास शेती वाढली तशी पिकांची नासाडी आणि दंगामस्ती डोईजड झाली. १८७२ च्या फेब्रुवारीत गावकऱ्यांनीच पत्रक काढून टेक्सासच्या कळपांना येऊ नका असे कळवले. बाजार एल्सवर्थ, विचिटा आणि शेवटी डॉज सिटीकडे सरकला.

१८७४ मध्ये पेटंट मिळालेल्या काटेरी तारेने माळराने बंदिस्त केली. रेल्वे टेक्सासपर्यंत पोचल्यावर एवढी पायपीट करण्याचे कारणही उरले नाही. १८८५ मध्ये कॅन्ससने टेक्सासच्या गुरांना राज्यभर बंदी केली आणि डॉज सिटीचा बाजारही उठला. कळप ज्या कुरणांतून येत, त्यांपैकी बऱ्याच जमिनीवर आज गहू पिकतो.