पडद्यावरचं रोम आणि पट्टी

सावरगावची म्हटलं की लोक गोटमारीचंच विचारतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात आमचं गाव आणि पांढुर्णा समोरासमोर उभे ठाकतात, हे खरं. पण मागच्या सत्रात मला जो मार बसला तो दगडाचा नव्हता, काशाच्या एका मूर्तीचा होता.

सेमिनारला मी 'प्राचीन रोमन कला आणि महाराष्ट्र' हा विषय घेतला. घरी नेटवर्क फक्त माडीवर येतं. तिथे बसून फोटो गोळा केले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीचं उत्खनन १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि दीक्षित यांनी केलं. त्याच टेकडीवर मिळालेल्या काशाच्या वस्तूंमध्ये पोसायडन या समुद्रदेवाची रोमन मूर्ती आहे; ती आता कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात असते. तिचा फोटो मी अख्ख्या पडद्यावर लावला आणि बोलत सुटले. मॅडमनी मागून विचारलं, "उंची किती गं?" मी म्हटलं, "पुरुषभर असेल."

मूर्ती वीतभरही नाही. एवढं धूड जहाजातून आणलं कसं, हा माझा पुढचा मुद्दा होता. तो तिथेच बुडाला.

फोटोत सगळं सारख्याच आकाराचं होतं, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. तेव्हापासून मी आधी चित्राखालची नोंद वाचते, मग चित्र बघते. का, ते पॉम्पेईच्या मूर्तीवरून सांगते.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. पुष्कळ जण तिला लक्ष्मी म्हणतात, काही अभ्यासक यक्षी म्हणतात. समोरून काढलेला फोटो कुठेही मिळतो: दागिन्यांनी मढलेली स्त्री, दोन बाजूंना दोन दासी. पण त्या फोटोत तीन गोष्टी दिसत नाहीत. उंची साधारण २५ सेंटिमीटर. डोक्यात वरून पाडलेलं भोक, म्हणून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या सामानाचा पाय असावी असा अंदाज. आणि तळाशी खरोष्ठी अक्षर, जे वायव्य भारताकडे बोट दाखवतं. देवी की मूठ, हा सगळा वाद न दिसणाऱ्या बाजूंवर उभा आहे! म्हणून एका वस्तूचे तीन-चार बाजूंचे फोटो मिळाल्याशिवाय मत बनवू नये.

'पॉम्पेई इन पिक्चर्स' या संग्रहात शहर घराघरानं पाहता येतं. तिथला पत्ता म्हणजे भाग, वस्ती, दार. ही मूर्ती मिळाली ते घर १.८.५. आकडे ठाऊक असले की भिंत, अंगण, शेजार सगळं हाती लागतं. आमच्या पोस्टमनलाही इतका नेमका पत्ता मिळत नसेल.

ब्रिटिश म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहात माप, साहित्य, नोंदणी क्रमांक असतो. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या कलाकृतींचे फोटो मोफत वापरायला खुले केलेत, आपल्या अंकातही चालतील. दोन्हीकडे 'सापडल्याचं ठिकाण' हा रकाना आधी बघा. पुष्कळदा तो रिकामाच असतो, कारण वस्तू बाजारातून विकत घेतलेली असते. विकिमीडिया कॉमन्सवर फोटो भरपूर, पण माहिती स्वयंसेवक लिहितात. ती दुसरीकडे पडताळून घ्यावी लागते.

इमारतींचं वेगळं. रोमच्या पँथिऑनचे शंभर फोटो पाहिले तरी घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची जवळपास सारखीच, सुमारे ४३ मीटर, हे कळत नाही. उभा छेद पाहिला की क्षणात कळतं. फोटोसोबत नकाशा शोधा, एवढंच.

आता माझी खरी तक्रार. पॉम्पेईच्या मूर्तीशी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे मिळाल्यात: तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. भोकरदनचं १९७०च्या दशकातलं उत्खनन नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून केलं, म्हणजे त्यात आमच्या गावाच्या जवळचं एक विद्यापीठही होतं. नेपल्सच्या संग्रहालयातली मूर्ती मला माडीवर दोन मिनिटांत मिळाली. या दोघींसाठी तीन रात्री गेल्या, आणि हाती आले ते जुन्या पुस्तकातून स्कॅन केलेले काळपट ठसे. माप नाही, पाठ नाही. आजी म्हणाली, "इतली लेकरं फोन घेऊन फिरतात, काहून नाही काढत कोणी?"

मंडळाची सहल तेरला न्यायची असं मी सुचवलंय. तिथल्या लामतुरे संग्रहालयात फोटोची परवानगी आधी पत्र लिहून मागायची. मिळाली तर समोरून, मागून, दोन्ही कुशींनी आणि वरून, शेजारी पट्टी ठेवून, नोंद मराठीत. पट्टी मी आणते.